बाहेर गेलेल्या गाडीचं नाव

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. कचेरीत उस्मानाबादचेच छापील कागद वापरात होते. वरचं नाव शाईनं खोडायचं आणि खाली लातूर लिहायचं, हे काम हेडक्लार्क शिवप्पा स्वतः करत आणि मोठ्या मायेनं करत. शिवप्पा मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, आणि आवाज असा की त्यांनी व्हरांड्यातून शिपायाला हाक मारली की पलीकडच्या अडतीवरचे हमालही वर बघत. कुणालाही बोलवायचं तर ते खुर्चीतून उठून व्हरांड्याच्या कठड्याशी येत आणि नावानं ओरडत.

भूजल सर्वेक्षणाच्या शाखेला नव्या जिल्ह्याची म्हणून एक जीप मिळाली होती. ती मात्र नवी नव्हती. लष्करानं लिलावात काढलेली, नांदेडला थोडे दिवस चाललेली आणि मग इकडं पाठवलेली डिस्पोजलची जीप. वरून पांढरा रंग मारला होता. कुठं खरचटलं की खालून हिरवा दिसे.

त्या जीपमधून पंचशीला गावोगाव फिरत होती. औरंगाबादला भूगर्भशास्त्र शिकून ती या नोकरीत लागली आणि लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरींचे तळ उघडे पडले होते. देवणीकडची जातिवंत जनावरं लोक मिळेल त्या भावाला सोडत होते. गावात जायचं, जमिनीत लोखंडी सळया ठोकून त्यांतून वीज सोडायची, खालचा खडक तिला किती अडवतो ते यंत्रावर बघायचं आणि बोअर कुठं घ्यायची तिथं चुन्याची फुली मारायची, हे तिचं काम. अंदाज चुकला तर गाव आणखी एक उन्हाळा टँकरच्या मागं पळणार, हे तिला फुली मारताना दर वेळी आठवायचं.

जीप चालवायला लिंबाजी होते. नायगावकडचे, पलटणीतून पेन्शनवर आलेले ड्रायव्हर. खिशातून दस्ती काढून ते आधी पंचशीलाची शीट झाडत. फट्, फट्, दोनदा. मग म्हणत, "बसा म्याडम." आणि स्टेअरिंगला बसल्यावर, "चल गं म्हातारी."

"म्हातारी का हो मामा?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"खोकती न्हाई का सकाळी? आन नाव ठिवल्याबिगर गाडी आपली हुत न्हाई. कागदावर नुस्ता नंबर असतो. नंबरला कोण हाक मारतंय?"

पलटणीत प्रत्येक जीपला नाव असे, ते सांगू लागले. कुठल्याही चढावर चढते ती बकरी. बिनतारी यंत्रवाली पोपट, कारण दिवसभर तिच्यात कुणीतरी बडबडत असे. जिच्यावर सारखी जाळी पांघरलेली, ती नवरी. एकीचं इंजिन इतकं तापे की जवान बोनेटवर रोट्या गरम करत, ती चूल.

"आन एक सासू हुती."

"ती का?"

"हारन आपणहून वाजवायची. मधीच. कुणी काय केलेलं नसताना."

पंचशीला मोठ्यानं हसली. लिंबाजी हसले नाहीत. पण त्यांच्या मिशा हलल्या.

"तेचा एक कायदा हुता बघा," थोड्या वेळानं ते म्हणाले. "गाडी बाहेर गेली, की मागं राहिलेल्यानं तिचं नाव घ्यायचं न्हाई. नुस्तं 'ती' म्हणायचं. परत आली, डायव्हरनं बोनेटवर हात ठिवून नाव घेतलं, की मग ती आत आली."

"आणि मधेच कुणी घेतलं तर?"

"जिथं असंल तिथनं माघारी वळती. काम टाकून. आन हुडकत येती."

"कुणाला?"

"आपल्या डायव्हरला. दुसऱ्या कुणाला?"

पंचशीलाला त्यातला व्यवहार लगेच दिसला. शत्रूच्या कानावर जाऊ नये म्हणून आधी कुणीतरी बाहेरच्या गाड्यांची नावं घ्यायला बंदी केली असेल, आणि पुढं कारण विसरून बंदीच तेवढी उरली असेल. तिनं तसं सांगितलं.

"असंल," लिंबाजी म्हणाले. "तुमी शिकलेल्या."

"तुमची स्वतःची कोणती होती?"

लिंबाजींनी गिअर बदलला. "हुती एक," म्हणाले, आणि देवणीच्या फाट्याला गाडी वळवली.

फाट्यावरून आत, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, बोरतळ नावाची वस्ती होती. तिथं पोचण्याआधी लिंबाजींनी आपणहून सांगितलं. त्यांच्या पलटणीतला ग्यानोबा या वस्तीचा. एकाहत्तरच्या लढाईत, राजस्थानच्या वाळूत, पुढच्या चौकीवर पाण्याचे डबे पोचवायचे होते. लिंबाजी तापानं फणफणून इस्पितळात पडलेले, म्हणून त्यांची जीप घेऊन ग्यानोबा गेला. ना गाडी परत आली, ना माणूस. सरकारनं बेपत्ता लिहिलं. त्याची बायको सरजाबाई अजून हिरव्या बांगड्या भरते.

"म्या वर्साला एकदा येऊन जातो," लिंबाजी म्हणाले. "बसतो. च्या पितो. दुसरं काय करणार?"

सरजाबाई उंच, काटक बाई होती. वस्तीच्या टोकाला तिचं पत्र्याचं घर. पंचशीलानं सळया ठोकून, तारा ओढून काम संपवलं, घराच्या पूर्वेला ओढ्याच्या वळणावर फुली मारली, तोवर ऊन कलंडलं होतं. लिंबाजी बाहेर रेडिएटरात डब्यानं पाणी ओतत होते. सरजाबाईनं पंचशीलाला आत बोलावलं आणि बुद्धाच्या तसबिरीखालचा एक फोटो भिंतीवरून उतरवून पदरानं पुसला.

"हे आमचे. बघा."

एक तरुण जवान जीपच्या बोनेटला टेकून उभा होता. डोळे उन्हानं बारीक केलेले. जीपच्या काचेखाली पांढऱ्या रंगात, हातानं काढलेली अक्षरं होती.

"हितं काय लिव्हलंय, वाचा की बाई. मला येत न्हाई. लिंबाजीभाऊला इचारलं की म्हणतो पुसट हाय."

अक्षरं पुसट नव्हती. पंचशीलानं फोटो दाराच्या उजेडात धरला आणि वाचलं.

"साळुंकी."

बाहेर डबा दगडावर आपटला. लिंबाजी दारात आले. त्यांच्या धोतरावरून पाणी गळत होतं, आणि त्या दिवसांत सांडलेल्या पाण्याकडं न बघणारा माणूस पंचशीलानं पहिल्यांदाच पाहिला.

"म्याडम," ते म्हणाले, "वाचायचं नव्हतं."

तिला तो गाडीतला कायदा तेव्हा आठवला. ती काही बोलणार तेवढ्यात सरजाबाई म्हणाली, "साळुंकी." हळू, चव घेतल्यासारखं. मग लिंबाजींकडं वळून, "हे दडवून ठिवलंस व्हय रे भाऊ? इतकी वर्सं?"

"वहिनी, पुन्हा घिऊ नको."

"का घिऊ नको? त्यांचं नाव म्या आजवर तोंडातनं काढलं न्हाई. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. गेले तवाबी हाक मारता आली न्हाई मला. गाडीचं नाव घ्यायला कुणाची बंदी हाय?"

परतीच्या वाटेवर लिंबाजी आरशात बघत गाडी चालवत होते. मागं दूर धुळीचा एक लोट होता. टँकर असेल, पंचशीला म्हणाली. लिंबाजींनी जीप थांबवली. लोट खाली बसला. मागून कुणी आलं नाही. ते निघाले, थोड्या वेळानं लोट पुन्हा उठला, तेवढ्याच अंतरावर.

दुसऱ्यांदा थांबले तेव्हा तिला आवाज आला. चिर्र, चिर्र. बारीक, धातूवर धातू घासल्यासारखा.

"पाखरू आहे," ती म्हणाली.

"झाडाला पान न्हाई म्याडम. पाखरू कुठनं आणता?" लिंबाजींनी कपाळ पुसलं. "ब्रेक दाबला की तिचं पुढचं चाक असं वरडायचं. म्हणून ते नाव. म्याच ठिवलं हुतं."

पुढच्या आठवड्यात ते दोघे एका गावी गेले, तर टँकरच्या रांगेतली बाई म्हणाली, "आता कशाला? तुमची दुसरी जीप येऊन गेली की. हिरवी."

"आमची एकच जीप आहे."

"असंल. हौदापाशी उभी राहिली. कुणी उतरलं न्हाई का काय न्हाई. म्या इचारलं पाणी आणलंय का, तर गेली."

लिंबाजी शीट झाडत होते. त्यांचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर वाळू दिसली. कच्च्या रस्त्यावर, काळ्या मातीच्या भुसभुशीत धुरळ्यात टायरच्या दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या आणि त्या फिक्या पिवळ्या वाळूनं भरलेल्या होत्या. पंचशीलानं गाडी थांबवायला लावली. भिंग काढून ती रस्त्यावर उकिडवी बसली.

हा सगळा मुलूख काळ्या कातळाचा. इथल्या नदीची वाळूही करडी, खरखरीत, कोपरे शाबूत असलेली. भिंगाखालचे कण गोल होते, दुधी काचेसारखे, एकसारख्या मापाचे. पाणी कणांना असं करत नाही. वारा करतो, आणि त्यालाही फार मोठं मोकळं रान लागतं आणि फार मोठा काळ. बांधकामाची वाळू, काचकारखान्याची वाळू, कुणाच्या ट्रकमधून सांडलेली. तिनं एकेक शक्यता घेतली आणि बाजूला ठेवली. चाकोऱ्यांच्या मधली आणि बाहेरची माती काळी होती. वाळू फक्त टायरच्या नक्षीत बसली होती, आणि हाताला गरम लागत होती. रस्ता त्या वेळी सावलीत होता.

"घरी निऊ नका ती," लिंबाजी वरून म्हणाले. ते खाली उतरले नव्हते. "दातात येती. भाकरीत येती. ऱ्हाती."

चाकोऱ्या बोरतळच्या दिशेनं गेल्या होत्या. परत आल्याच्या खुणा नव्हत्या.

तिनं कण झटकले. तळहात बराच वेळ पुसत राहिली.

"सरजावहिनी रोज हाक मारून राहिली असंल," लिंबाजी म्हणाले. "तिला थांबवा म्याडम. माझं न्हाई ऐकायची. तुमचं ऐकंल."

"मामा, समजा ती गाडी आली. मग काय होईल?"

हा प्रश्न आपण विचारला याचं तिला नंतर नवल वाटलं.

लिंबाजींनी स्टेअरिंगवरचे हात बघितले. "गाडी डायव्हरला हुडकती. सांगितलं की तुमाला." मग उगाच हसून, "पोरीचं बाळंतपण हाय पावसाळ्यात. नातू बघायचा हाय. तेवढं हुस्तवर तरी ऱ्हायला पायजे इथं."

त्याच दिवशी ते दोघे बोरतळला गेले. पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. सरजाबाई घराबाहेर, चुन्याच्या फुलीच्या अलीकडं उभी होती. हातात कंदील, अजून न लावलेला. आकाशाचा रंग राखेसारखा झाला होता आणि वारा पडला होता.

"सरजाबाई," पंचशीला म्हणाली, "ते नाव घेऊ नका. मामांसाठी."

"भाऊसाठी?" सरजाबाईनं लिंबाजींकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "भाऊ, तू दर साली आलास. बसलास. च्या पेलास. आन गेलास. म्या तुला कवा काय म्हणले का? मला एकदा बघू दे. नुस्तं बघू दे."

"ती मला न्यायला येती वहिनी."

"मला म्हाईत न्हाई ती कशाला येती. मला आवाज येतोय रोज. रोज जवळनं."

पंचशीला तिच्या आणि ओढ्याच्या मधे जाऊन उभी राहिली. त्याचा काही उपयोग नव्हता. सरजाबाईनं हाक मारली. ओरडून नाही, दारातून शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी.

"साळुंकी…"

ओढ्याच्या वळणापलीकडं बाभळींच्या मागं धूळ उठली. वारा नव्हता.

इंजिनाचा आवाज आला नाही. धूळ पुढं सरकत आली, बाभळींपाशी आली.

चिर्र.

धूळ उभी राहिली. खाली बसली नाही. तिच्यात काहीतरी चौकोनी होतं. पंचशीलानं डोळे बारीक केले. तिला काच दिसली, किंवा संध्याकाळचा उजेड काचेसारखा चमकला.

सरजाबाईच्या हातातला कंदील खाली आला.

"बसल्यात," ती कुजबुजली. "शेजारच्या शीटवर बसल्यात. हिकडंच बघत्यात."

"आन स्टेअरिंगला?" लिंबाजींनी विचारलं.

सरजाबाई एक पाऊल पुढं सरकली.

"स्टेअरिंगला कोण हाय वहिनी?"

"कुणीच न्हाई."

लिंबाजींनी मान हलवली. सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलं. टोपी सारखी केली. पंचशीलानं त्यांची बाही धरली. कापड गरम होतं, आणि तिच्या बोटांना बारीक काहीतरी खरखरलं.

"जाऊ नका. धूळ आहे नुसती. थांबा, बसेल ती."

"न्हाई बसायची," ते म्हणाले. आवाज शांत होता. "आन बघा, न्हाई गेलो तर ती रोज यील. हितं, लातूरला, पोरीच्या दारात. तिथं बाळ ऱ्हाईल म्याडम." त्यांनी हळूच बाही सोडवली. "तुमी वाचलं, त्यात तुमचं काय चुकलं? पर आता माझं नाव कुणी घिऊ नका. म्या यीस्तवर."

ते चालत गेले. सवयीनं खिशातून दस्ती काढली.

धुळीपाशी पोचल्यावर त्यांनी उजवा हात पुढं केला, बोनेटवर ठेवावा तसा.

मग दार लागल्याचा आवाज झाला.

धूळ बसली तेव्हा बाभळी होत्या, ओढा होता. दोन चाकोऱ्या वळणापर्यंत आल्या होत्या आणि तिथं संपल्या होत्या. वाळू अजून गरम होती.

सरजाबाईनं कंदील लावला. "आता म्या न्हाई बोलवणार," ती म्हणाली. "दिसले. वाट बघायची सवय हाय मला."

पोलिसांनी ओढा, शेतं, विहिरी पाहिल्या. हरवलेल्या माणसाचं नाव विचारलं तेव्हा पंचशीलानं ते बोलून न दाखवता कागदावर लिहून दिलं. धक्का बसलाय, असं हवालदार म्हणाला. फुलीच्या जागी बोअर घेतली आणि पाणी लागलं, भरपूर. पहिली घागर सरजाबाईनं भरली.

कचेरीत पंचशीलानं सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली: मामांचं नाव घेऊ नका. कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिच्याजवळ कारणच नव्हतं. ज्या दिवशी हे सांगितलं त्या दिवशी शिवप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं बाई. तुमचे मामा म्हणतो. झालं?" आणि त्यांनी तो शब्द पाळला, हे तिला मान्य करावं लागलं. जीप दुसरा एकजण चालवू लागला. तो शीट झाडत नसे. जीपला म्हातारी म्हणून कुणी हाक मारत नसे, आणि सकाळी ती खोकतही नव्हती.

जूनच्या शेवटी पाऊस आला. पडत राहिला. नायगावहून निरोप आला की मुलगी बाळंत झाली, मुलगा आहे, आणि बारशाला थांबलोय, वडील आले की करू. पंचशीलानं निरोपाचा कागद घडी करून खणात ठेवला.

त्या दुपारी कलेक्टर कचेरीत अचानक बैठक निघाली. पंचशीला नकाशे गुंडाळत होती. बाहेर पाऊस कोसळत होता. शिवप्पांची खुर्ची सरकल्याचं तिनं ऐकलं, त्यांच्या चपला व्हरांड्याकडं गेल्याचं ऐकलं. घाईत माणूस जुन्याच सवयीनं वागतो. तिला ते एक क्षण आधी कळलं. ती दारापर्यंत पोचली, पण शिवप्पा कठड्याशी उभे होते आणि त्यांनी छाती भरून घेतली होती.

"लिंबाजी! ए लिंबाजी! गाडी लाव रे!"

अडतीवरच्या हमालांनी वर बघितलं.

शिवप्पांनी जीभ चावली. वळून तिच्याकडं बघितलं. "चुकलं बाई. तोंडात बसलंय."

पंचशीला ऐकत होती. पन्हाळीतून पाणी पडत होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

फाटकाबाहेर, चिर्र.

शिवप्पा कठड्यावरून वाकले. हातानं डोळ्यांवर आडोसा केला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलला.

"आला की हो! उगंच जीव घाबरा केला तुमी आमचा." ते पुन्हा वाकून बघू लागले. "पर ही आपली जीप न्हवं. आन एवढ्या पावसात धूळ कशी उडवून राहिलाय ह्यो?"

पंचशीला दारातच उभी राहिली. तिनं खाली बघितलं नाही.

"शेजारी कुणीतरी बसलंय बघा," शिवप्पा म्हणाले. "तुमच्यासाठी मागली शीट झाडून राहिलाय."

खालून आवाज आला. फट्, फट्, दोनदा.